दिवेलागणीच्या आधी

रणपिसेबाईंनी माझी मुलाखत नाकाने घेतली. मी सर्टिफिकिटांची सुरळी पुढे केली, ती त्यांनी टेबलाच्या कडेला सारली आणि म्हणाल्या, ‘‘हात बघू.’’ मला वाटलं, बाई हस्तरेषा बघतात की काय. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तळवे धरले, नाकापाशी नेले, हुंगले आणि परत माझ्या स्वाधीन केले. मी तंबाखू खातो आणि येताना एसटीत कुणाच्या तरी मेथीच्या जुडीवर हात टेकलेला आहे, असं त्यांनी मला सांगितलं. दोन्ही खरं होतं. लॅबमध्ये शिरण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे आणि चुन्याचं बोट कोटाला पुसायचं नाही, एवढ्या अटींवर मला नोकरी मिळाली. तंबाखू सोडा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पण रोज सकाळी ते नाक समोर यायचं, त्यामुळे वर्षभरात ती आपोआप सुटली. बायकोने लग्नापासून कानीकपाळी ओरडून जे साधलं नव्हतं ते त्या नाकाने साधलं, याचा राग तिला बरेच दिवस होता.

डॉ. एस्तेर रणपिसे मूळच्या राजूरच्या. वडील तिकडे डोंगरातल्या शाळेत मास्तर होते. त्यामुळे आमच्या गोदावरीकाठच्या सपाट, उन्हाने भाजलेल्या मुलखावर त्यांचा कायमचा राग. ‘‘डोळा टेकायला एक डोंगर नाही तुमच्याकडे,’’ हे त्या आम्हाला असं काही सुनावायच्या, जणू तो आम्हीच कुठे विकून खाल्ला होता. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, पांढरं सुती लुगडं, पायात पुरुषी चपला, आणि त्या सगळ्याला घेऊन धावणारी एक लेडीज सायकल. पेशंटला त्या ‘पाहुणे’ म्हणत. पाहुणा म्हणजे परत घरी जाणारा, असा त्यांचा हिशेब होता. पाहुणा राहायला आला तरी गेलाच पाहिजे, आणि स्वतःच्या पायांनी गेला पाहिजे.

आमचं हॉस्पिटल मिशनचं, लहानसं. कोपरगाव आणि पुणतांबा यांच्या मधल्या पट्ट्यातली सगळी खेडी आमच्यावर. गावात विजेचे खांब आले होते. आमच्याकडे ऑपरेशनच्या खोलीत एक बल्ब होता आणि तोही लहर लागेल तेव्हा जळायचा. बाकी सगळा कारभार कंदिलांवर. रक्ताच्या बाटल्या ठेवायचा फ्रीजसुद्धा रॉकेलवर चालायचा, आणि त्याची वात नीट ठेवणं हे माझ्या शिक्षणाचं मुख्य सार्थक होतं. दिवेलागणीला वॉर्डातले दगडूमामा काखोटीला रॉकेलची बाटली मारून निघायचे आणि एकेक कंदील पुसून, लावून खुंटीला अडकवायचे.

बाईंचं क्वार्टर वॉर्डाला लागून. त्यांच्या हातच्या दह्याची कीर्ती होती. विरजण हवं असलं की आमच्या सगळ्यांच्या बायका वाटी घेऊन त्यांच्याकडे. बाई आधी ती वाटी हुंगायच्या, पसंत पडली नाही तर पुन्हा घासायला लावायच्या, मग विरजण द्यायच्या. माझी बायको आठ दिवस रुसली होती या अपमानाने. नवव्या दिवशी घरचं विरजण नासलं आणि वाटी दोनदा घासून परत गेली.

तर सांगायचं ते त्या नाकाचं. सत्तर सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. कालव्याच्या पाण्यावर हायब्रीड ज्वारी आली, कपाशी आली, आणि त्यांच्यामागून डब्यांतून फवारणीचं विष आलं. लोक त्याला औषधच म्हणायचे, आणि औषध म्हटल्यावर त्याचं भय कोण बाळगणार? हात कोपरापर्यंत बादलीत घालून ते ढवळायचे. बैलाच्या गोचिडांना लावायचे. एका बाईने पोरीच्या डोक्यातल्या उवांना लावलं होतं. मग ही माणसं घामाने निथळत, तोंडाला फेस येऊन आमच्या दारात यायची. घरचे म्हणायचे, फेफरं आलं, कुणी म्हणायचे, भाईरचं झालं. बाई कानाला नळ्या लावायच्या आधी पाहुण्याचे तळहात आणि तळपाय हुंगायच्या. सडक्या लसणासारखा वास आला की त्या एकच शब्द बोलायच्या, ‘‘अॅट्रोपिन.’’ तो त्या विषावरचा उतारा, आणि आम्ही त्याच्या कुप्या आणायला पळत सुटायचो.

रिकाम्या डब्यांशी तर त्यांनी उघड युद्ध मांडलं होतं. आठवड्याच्या बाजारात त्या सायकलला पहार बांधून जायच्या. कुणा म्हातारीपाशी तेलासाठी, पिठासाठी तो विषाचा डबा दिसला की आधी हुंगायच्या आणि मग तिच्यासमोर त्याला भोकं पाडायच्या. बाजारात केवढा गलका व्हायचा! एक आजी त्यांच्या अंगावर आली होती. चांगला डबा हाय, झाकन बी घट बसतंय, तुमचं काय खाल्लं त्यानं, असं तिचं म्हणणं होतं आणि डब्यापुरतं ते बिनतोड होतं. दुसऱ्या आठवड्यापासून बाई हॉस्पिटलमधले दूधपावडरचे रिकामे डबे सायकलवर लटकवून न्यायला लागल्या. एक फोडला की एक द्यायचा. पंधरा दिवसांत आमच्या भटारखान्यात साखर ठेवायला डबा उरला नाही आणि चहात मुंग्या येऊ लागल्या.

त्यांच्या अंगातल्या पांढऱ्या कोटाचा उजवा खिसा फुटाण्यांचा. पाहुण्याची प्रकृती किती बिघडलीय हे आम्ही तक्त्यावरून नाही, बाई चावत असलेल्या फुटाण्यांच्या आवाजावरून ओळखायचो. रमतगमत एखादा कुटकन वाजला तर सगळं ठीक. सलग कुडुमकुडुम सुरू झालं की सिस्टर माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. नामदेवच्या वेळी मात्र आवाज आधी वाढत गेला आणि नंतर अजिबात थांबला. ते थांबणं मी अजून विसरलेलो नाही.

नामदेव पुणतांब्याच्या अलीकडच्या वस्तीवरचा, जेमतेम पंचविशीचा गडी. कपाशीवर फवारा मारत होता तो सऱ्यांतच पडला. दुपारच्या आधी बैलगाडीतून आणला तेव्हा त्याच्या अंगाखालचं पोतं घामाने भिजलं होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि दंडामांड्यांचं मांस कातडीखाली आपलं आपणच थरथरत होतं. बरोबर त्याची आई ठकूबाई आणि थोरला भाऊ सोपान. बाईंनी हुंगलं, शब्द उच्चारला, आम्ही धावलो. कपडे कापून काढले, साबणाच्या पाण्याने डोक्यापासून नखांपर्यंत धुतला, आणि अॅट्रोपिन सुरू झालं. तोंड कोरडं पडेपर्यंत द्यायचं, अशी बाईंची रीत. पुस्तकात आणखी एक औषध होतं, पण ते आमच्या कपाटाने कधी पाहिलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत नामदेवचं तोंड कोरडं झालं, त्याने आईला ओळखलं, पाणी मागितलं. फुटाण्यांचा आवाज मंदावला.

तरीही जाण्याआधी बाई माझ्या लॅबमध्ये आल्या आणि बाही वर करून स्टुलावर बसल्या. ‘‘घोडके, माझी एक बाटली काढा. त्याचा आणि माझा गट एकच आहे.’’

रक्त कशाला, त्याचं रक्त काही गेलेलं नाही, असं मी म्हणालो. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. रक्तात एक द्रव्य असतं, ते नसांना आवरून धरतं. हे विष नेमकं त्यालाच खाऊन टाकतं. अॅट्रोपिन नुसतं वरचं सोंग, घाम आणि फेस, आवरतं, खाल्लेलं परत देत नाही. पण चांगल्या माणसाच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्यात, प्लाझ्मात, ते द्रव्य असतं. ते उसनं दिलं तर शरीराला स्वतःचं तयार करायला सवड मिळेल, असा त्यांचा तर्क होता. असं कुणीतरी करून बघितल्याचं त्यांच्या कानावर होतं. स्वतः त्यांनी कधी केलेलं नव्हतं. ‘‘लागणार नाही बहुतेक. पण बाटली निवळायला वेळ लागतो, आणि विष वेळ देत नाही,’’ त्या म्हणाल्या. मी बाटली काढली आणि फ्रीजमध्ये उभी ठेवली. तांबडं खाली बसतं आणि वर गोमूत्राच्या रंगाचं निवळ पाणी राहतं, तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात पाऊल ठेवलं तर कुडुमकुडुम ऐकू आलं. नामदेव पुन्हा फेसाळला होता. रात्रीत काय झालं ते कुणाला कळेना. अॅट्रोपिनचा डोस वाढवला तरी तो हाताला लागेना, आणि कपाटातल्या कुप्या संपत आल्या होत्या. एक माणूस कोपरगावला पिटाळला, तिथे नसेल तर तसाच पुढे नगरला जा असं बजावून. बाई खाटेपाशी उभ्या राहिल्या, नाक वर केलं आणि वास घ्यायला लागल्या. त्याचे हात हुंगले, पाय हुंगले, केस हुंगले. मग त्या वाकल्या आणि पायथ्याशी सरकलेली काळी घोंगडी नाकाशी धरली.

माझ्याही लक्षात आलं. तोच सडका लसूण. पुढे नामदेवकडून कळलं, फवारणीच्या दिवसांत तो तीच घोंगडी पाठीवर घडी करून टाकायचा, त्यावर पंप. पंप गळायचा. गाडीतून येताना ती आईच्या मांडीखाली होती, म्हणून धुण्यातून सुटली. पहाटे पोरगं कुडकुडायला लागलं तसं ठकूबाईने मायेने ती त्याच्या उघड्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत ओढून घेतली, आणि ती उशाशी बसून राहिली. पोराच्या अंगात पहाटेपासून पुन्हा विष भिनत होतं, ते तिच्या हाताने.

बाईंनी घोंगडी गोळा केली आणि दगडूमामांना सांगितलं, मागे नेऊन खड्डा करा आणि पुरा. ठकूबाई आडवी आली. ती घोंगडी तिच्या मेलेल्या नवऱ्याची होती. मराठीत जेवढं काही बोलता येतं तेवढं ती बोलली. मिशनवाल्यांना आमच्या घरची घोंगडी बी खुपती, असंही म्हणाली. मी तोंड उघडलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर ती जागच्या जागी गप्प झाली असती. बाईंनी माझा दंड धरला. तिला त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘घोंगडी ओली आहे ठकूबाई, दवाखान्यात चालत नाही.’’ आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘‘पोरगं गेलं तर त्या माउलीला हे उरलेला सगळा जन्म उराशी घेऊन निजावं लागेल. मला शिव्या दिल्या तर माझं काय जातं? तुम्ही बोलायचं नाही, घोडके. कधीच नाही.’’

नामदेवला पुन्हा धुतला. बाईंच्या रक्तावरचं पिवळं पाणी मी नळीने अलगद ओढून घेतलं आणि ते त्याच्या शिरेत सुरू झालं. दुपार चढेपर्यंत दंडाची थरथर जरा उतरली. जरा म्हणजे बाईंना दिसेल इतकी. मला तीही दिसत नव्हती. पण ते पाणी होतंच किती! श्वास पुन्हा घुरघुरायला लागला. बाईंनी उरलेल्या कुप्या मोजून सिस्टरच्या हातात दिल्या आणि सांगितलं, पुरवून पुरवून वापरा. आणखी प्लाझ्मा हवा होता, आणि तो रात्रीतून निवळायचा तर रक्त आत्ताच निघायला हवं होतं. माझा गट जुळत नव्हता. आमचा रखवालदार जुळत होता, पण ही कुणकुण लागताच त्याला सासुरवाडीची अनावर आठवण झाली आणि तो सायकल घेऊन जो गेला तो रविवारीच उगवला. ठकूबाईने स्वतःहून हात पुढे केला, तो बाईंनी खाली घेतला. त्या हातात हाड आणि बांगड्याच होत्या. सोपानचा गट जुळला. सोपान तयार होता. ठकूबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

‘‘एक खाटंवर पडलाय,’’ ती म्हणाली, ‘‘दुसऱ्याचं रगत काढून त्याला बी पाडता व्हय? ह्याच्या अंगाला तुमी हात लावायचा न्हाई.’’

तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्या काळी आमच्याकडे रक्त द्यायचं म्हणजे आयुष्य कापून द्यायचं, असाच समज होता. शिवाय सकाळी जिने घोंगडी पुरली तिच्या हातात थोरला कुठल्या भरवशावर द्यायचा? आत नामदेवच्या घशात श्वास अडखळल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता, आणि एक आई दोन पोरांच्या मधे उभी होती. कुडुमकुडुम थांबलं ते इथे. फुटाणे संपले नव्हते. बाईंचा हात खिशात गेला होता आणि तिथेच राहिला होता.

मग त्या पायरीवर बसल्या, ठकूबाईला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘घरात विरजण मेलं तर काय करता?’’

‘‘शेजारनीकडून आनते.’’

‘‘तिचं दही सरतं का त्यानं?’’

‘‘कशानं सरंल? ती उद्या पुन्ना लावती.’’

‘‘नामदेवच्या रक्तातलं विरजण मेलंय, ठकूबाई. सोपानचं चांगलं आहे. चमचाभर उसनं मागते. त्याचं उद्या पुन्हा लागेल. माझ्या घरचं मी काल दिलं, आणि बघा, उभी आहे तुमच्यासमोर.’’

ठकूबाईने बाईंच्या कोपराच्या खळगीतला टोचल्याचा काळानिळा डाग बघितला. बराच वेळ बघितला. मग पदराने तोंड पुसून ती सोपानला म्हणाली, जा, दे.

आता खरी पंचाईत पुढेच आहे. सोपानचं आणि नामदेवचं रक्त एकमेकांत मिसळून जुळवणी बघायची, सुया उकळायच्या, नळ्या उकळायच्या, यात माझा वेळ गेला. स्टोव्हही नेमका तेव्हाच फुरफुरायला लागला. मी ट्रे घेऊन व्हरांड्यात आलो तेव्हा उन्हं गेली होती. नदीच्या अंगाला आभाळ तेवढं तांबूस होतं. सोपान बाकावर आडवा झाला होता आणि दगडूमामा बाटली काखेत घालून पहिल्या कंदिलाची काच पुसत होते. ठकूबाई उठली आणि तिने सोपानची बाही खाली केली.

दिवेलागण झाली, ती म्हणाली. दिवा लागल्यावर घरातून विरजण जात नाही. दिवा लागल्यावर दिलं तर देणाऱ्याच्या घरचं सरतं. तिच्या सासूने दिलं नव्हतं, तिने कधी दिलं नव्हतं. उद्या उजाडल्यावर घ्या.

उद्या उजाडल्यावर काढलेलं रक्त निवळेपर्यंत नामदेव राहणार नव्हता, निदान आम्हाला तसंच वाटत होतं. माझं डोकं फिरलं. बाईंनी स्वतःच्या तोंडाने ती उपमा दिली होती आणि तीच आता गळ्यात आली होती. रक्ताला कसली आलीय दिवेलागण, हे नुसतं आपलं बोलायचं होतं, असं काहीतरी मी ठकूबाईला सुनावणार होतो. सिस्टर तर तिचा हात धरून तिला बाजूला न्यायलाच निघाली होती. बाईंनी आम्हा दोघांना डोळ्यांनी गप्प केलं.

‘‘दगडूमामा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘काडी ओढू नका. आज दिवे लावायचे नाहीत.’’

‘‘कुठले, बाई?’’

‘‘कुठलेच. माझ्या घरचा नाही, भटारखान्यातला नाही, वॉर्डातला नाही. पाद्रीसाहेबांना सांगा, चर्चमधला पण थांबवा. मी सांगेपर्यंत दिवेलागण झालेली नाही.’’

मी त्यांच्या कानाशी लागलो. अंधश्रद्धेला असं पाणी घालणं बरं नाही, असं काहीतरी शहाणपण मी पाजळलं असावं.

‘‘घोडके,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नियम त्यांचा आहे. दिवे आपले आहेत.’’

आणि त्या वॉर्डात जाऊन नामदेवच्या छातीवर तळहात ठेवून बसल्या, कारण आता अंधारात तो श्वास घेतो की नाही ते बघून कळण्यासारखं राहिलं नव्हतं.

असा काळोख त्या हॉस्पिटलने कधी पाहिला नसेल. बाळंतिणींनी कुरकुर सुरू केली, एक पोर रडायला लागलं, भटारखान्यात काहीतरी सांडलं. चर्चमध्ये संध्याकाळची प्रार्थना चालली होती. पुस्तकं दिसेनात म्हणून लोक पाठ असलेलंच एक भजन म्हणत होते, आणि कडवी संपली की पुन्हा पहिल्यापासून. ठकूबाई व्हरांड्याच्या कडेला उभी राहून एकेक खिडकी बघत होती. भटारखान्याची, क्वार्टरांची, चर्चची. तिला काही कुणी फसवत नव्हतं. दिवे का लागले नाहीत हे तिला पुरतं कळत होतं. तिच्या एका शब्दासाठी एवढी माणसं अंधारात बसली होती.

‘‘दिवा न्हाई लागला अजून,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘घ्या.’’ आणि तिने स्वतः सोपानची बाही वर केली.

मी शीर डोळ्यांनी बघितलीच नाही. मोटेवर वाढलेला हात तो, दोरीसारखी शीर बोटाला लागत होती. सुई आत गेली आणि बाटली भरायला लागली. ती किती भरली हे मी हातातल्या वजनावरून आणि उबेवरून बघत होतो. वॉर्डातून बाईंचा आवाज यायचा, ‘‘श्वास आहे.’’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘आहे.’’ एकदा तो आवाज यायला उशीर झाला. ठकूबाईने सोपानचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो कळवळला. मग ‘‘आहे’’ आलं. मी सुई काढली, कापूस दाबला आणि सांगितलं, झालं.

‘‘आता लावा दिवा,’’ ठकूबाई म्हणाली.

दगडूमामांनी काडी ओढली तेव्हा मला दिसलं, मी अजून कापूस दाबून धरला होता आणि सोपान माझ्याकडे बघून हसत होता.

ती रात्र उरलेल्या कुप्यांवर निघाली. सकाळी सोपानच्या रक्तावरचं पाणी नामदेवच्या शिरेत गेलं. ते संपत आलं तेव्हाच नगरला गेलेला आमचा माणूस अॅट्रोपिनचं खोकं छातीशी धरून फाटकातून आत आला. संध्याकाळपर्यंत नामदेवचा श्वास सरळ झाला. त्यानंतर मात्र तो मागे फिरला नाही; आठवड्याने पाहुणा स्वतःच्या पायांनी घरी गेला.

पुढे जिल्ह्याच्या गावाहून काही डॉक्टर मंडळी मुद्दाम विचारायला आली. प्लाझ्माने वाचला ना, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मला तर ‘हो’ म्हणायची केवढी घाई! माझी बाटली होती ती. बाईंनी स्वच्छ सांगितलं की आपल्याला माहीत नाही. प्लाझ्माने असेल, नगरच्या अॅट्रोपिनने असेल, अंगावरचं विष गेल्याने असेल. एका पाहुण्यावरून छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. घोंगडीचं नाव त्यांनी तिथेही घेतलं नाही. नंतर आणखी एका पोरीला असाच प्लाझ्मा दिला. त्या खेपेला सोपानने अख्खी वस्ती भर दिवसा रक्त द्यायला रांगेत उभी केली होती. ती पोरगी गेली. त्या संध्याकाळी बाई चर्चमध्ये बसल्या होत्या. एरवी उपदेशाला सुरुवात झाली की त्या ताठ बसल्या-बसल्या झोपी जायच्या आणि आम्ही गालात हसायचो. त्या दिवशी शेवटपर्यंत जाग्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि राजूरला जायला निघाल्या. डोंगराकडे, म्हणून खूश होत्या. तसं त्या दिवसभर सांगत होत्या आणि नाक पुसत होत्या. संगमनेरची एसटी उशिरा आली. स्टँडवर हॉटेलवाल्याची बत्ती लागली, पानाच्या ठेल्यावरचे कंदील लागले. सायकल टपावर बांधून झाली. बाई खिडकीशी बसल्या आणि कंडक्टरने दार ओढून घेतलं, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ठकूबाई आली. तिच्या हातात पितळेची झाकणाची वाटी होती, फडक्यात बांधलेली. ती तिने खिडकीतून वर केली.

‘‘विरजन हाय. नव्या घरात लागंल.’’

बाईंनी हात पुढे केला आणि थांबल्या. त्यांनी बत्तीकडे बघितलं. ‘‘ठकूबाई, दिवे लागलेत.’’

‘‘लागू द्या,’’ ठकूबाई म्हणाली. गाडी सुरू झाली होती, तिला आवाज चढवावा लागला. ‘‘घोंगडीचं मला नामदेवनं सांगितलं. बरा झाल्यावर मागत हुता, तवा म्हनला, पंप त्याच्यावरच गळायचा. मी घातली हुती ती त्याच्या अंगावर. तुमी बोलला न्हाईत मला. येवढं बोलले मी, तरी बोलला न्हाईत.’’

बाईंनी वाटी घेतली. गाडी हलली, तशी ठकूबाई खिडकीला हात लावून चार पावलं बरोबर चालली आणि मग थांबली. मी स्टँडच्या टोकापर्यंत गेलो होतो. गाडी वळली तेव्हा आतल्या पिवळ्या उजेडात मला बाई शेवटच्या दिसल्या. फडकं सोडलेलं, झाकण मांडीवर, आणि दोन्ही हातांत धरलेली वाटी त्यांनी नाकापाशी नेली होती.

त्यांना ती पसंत पडली असावी. त्यांनी ती परत केली नाही.